गड्याचं काम

कारखान्याच्या चाळीत आम्हाला मिळालेली खोली मळीच्या टाक्यांच्या अंगाला होती. साखर काढून झाल्यावर उरणारा तो काळा पाक टाक्यांत साठवलेला असायचा, आणि वारा फिरला की त्याचा आंबूस-गोड वास घरभर भरायचा. भातात, उशीत, कुसुमच्या केसांत. लग्न होऊन ती नवीनच आली होती. त्या वासानं सुरुवातीला तिला जेवण जाईना. मग एक दिवस तिनं लसणाचा हात सढळ ठेवून हुलग्याचे शेंगोळे केले आणि मळीचा वास जरा मागं हटला. तेव्हापासून आमच्या घरात लसूण जास्तच पडायला लागला. सकाळचा भोंगा झाला की चाळीतले स्टोव्ह एकदमच फरफरायला लागत. जेवायला बसलं की ऊस यंत्रात सोडायच्या गव्हाणीत उसाच्या मोळ्या पडल्याचा धडधडाट भिंतीतून यायचा आणि ताटातली आमटी हलकेच थरथरायची. कुसुमला त्याची गंमत वाटायची. दाराबाहेर नळ होता. सकाळ-संध्याकाळ त्याला पाणी यायचं. तिच्या माहेरी आणि आमच्या गावी, दोन्हीकडं पाणी म्हणजे डोक्यावरचं ओझं. इथं ते आपण होऊन घागरीत पडत होतं आणि ती तिथं उभी राहून ते पडताना बघत राहायची.

माझे वडील, तात्या, पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून अधूनमधून यायचे. येताना बाजरीचं पीठ आणि घरच्या तिळाची पुरचुंडी आणायचे, म्हणजे कुसुमनं मासवडी-भाकरी करावी. नळावर पाय धुऊन उंबऱ्यात बसायचे आणि चाळीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायचे, "आमचा दत्तू काट्यावर हाय." मी वजनकाट्यावर पावत्या लिहीत होतो. उसाची गाडी काट्यावर चढायची, वजन व्हायचं, मी पावती फाडायचो. नोकरी हंगामी होती. पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, की आम्हाला घरी बसवत आणि खोली मात्र मेहेरबानीवर चालू ठेवत.

या सगळ्यात माझं खरं आयुष्य वेगळंच होतं, असं मला तेव्हा वाटे. गणपतीत कामगारांचं नाटक बसायचं आणि त्यात मुख्य काम माझं असायचं. माझा आवाज मोठा, पाठांतर पक्कं, अंगकाठी बरी. मैदानावर आसपासच्या गावांची माणसं गाड्या सोडून बैलांसकट बघायला बसायची. कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसचे मुख्य काळेसाहेब म्हणायचे, "दत्ता, तुझं भाषण बैलांनासुद्धा पाठ झालंय." ते स्वतः पेटी वाजवायचे आणि माझ्यावर त्यांचा जीव होता. एका वर्षी त्यांनी ओळखीनं पुण्याच्या एका नाटक मंडळीच्या मालकांना पाहुणे म्हणून आणलं. अप्पासाहेब म्हणत त्यांना. मंडळी त्यांची, दिग्दर्शन त्यांचं आणि नायकही तेच. नाटक संपल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आवाज आहे तुला. इथं काय करतोस? पुण्याला ये, बघू काहीतरी."

आज मी ते वाक्य तोलून बघतो तर त्यात वचन कुठंच नाही. 'बघू काहीतरी' हे माणूस बस सुटताना सुद्धा म्हणतो. पण मला फक्त 'आवाज आहे तुला' एवढंच ऐकू आलं होतं.

त्यानंतरच्या हंगामाच्या शेवटी काळेसाहेबांनी मला बोलावून सांगितलं की टाइम ऑफिसात कायमची जागा निघाली आहे आणि त्यांनी माझं नाव सुचवलंय. कायम नोकरी, बारमाही पगार, खोली हक्काची. "काट्यावरची नोकरी तर आता सुटतेच आहे," ते म्हणाले. "नवीन ठिकाणी कुठं जायचं ते तू ठरव. पुणं की टाइम ऑफिस. मी पेटी वाजवणारा माणूस, मी तुला अडवणार नाही. पण जागा फार दिवस थांबणार नाही."

मी घरी येऊन कुसुमला सांगितलं. ती भाकरी थापत होती. मी पुण्याबद्दल पुष्कळ बोललो. कला, संधी, माणसाचा जन्म एकदाच, असलं सगळं. ती भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "इथं नळ हाय."

"पुन्यातबी नळ असतात."

"मला नेनार हाय का तुमी पुन्याला?"

मी म्हणालो, बस्तान बसलं की नेईन, तोवर तू गावी तात्यांकडं राहा. तिनं भाकरीवर पाण्याचा हात फिरवून ती उलटली आणि फुगेपर्यंत तिच्याकडंच बघत राहिली.

मला वाटलं होतं तात्या विरोध करतील. ते उलट हरखले. त्यांनी तरुणपणी जत्रेत वगात काम केलं होतं म्हणे, आणि त्यांच्या वडलांनी त्यांना चाबकानं घरी आणलं होतं. "जा तू," ते म्हणाले. "आमाला न्हाई जमलं. तुला बघाया लई लोकं येत्याल. म्या सवता येईन." त्यांचा होकार मिळाल्यावर मला दुसऱ्या कुणाचं ऐकायची गरज वाटली नाही.

चाळीनं मला निरोप दिला. कॅन्टीनच्या पत्र्याखाली सतरंजी घातली, हार घातला, शाल दिली. काट्यावरचे हमाल, फिटर, गव्हाणीवरची पोरं, सगळे आले होते. काळेसाहेब भाषणात म्हणाले, उद्या हा मोठा नट होईल तेव्हा आपण तिकीट काढून याला बघायला जाऊ. टाळ्या झाल्या. बायकांच्या घोळक्यात कुसुम पदर दातात धरून उभी होती. दुसऱ्या दिवशी तिनं खोली शेणानं सारवून, किल्ली काळेसाहेबांकडं देऊन, डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन गावची एसटी धरली. मी पुण्याच्या एसटीत बसलो.

पुण्यात अप्पासाहेबांनी मला ओळखलं, हे त्यांचं मोठेपण. एका मोठ्या वकिलाच्या घरातलं नाटक बसत होतं. बाप आणि मुलगा यांच्यात वडिलोपार्जित घरावरून तेढ. त्यात डॉक्टरचं छोटं काम त्यांनी मला दिलं. पहिल्याच तालमीला मी आत शिरलो, रोग्याची नाडी धरली आणि मोठ्या आवाजात म्हणालो, "यांना पानी द्या." हॉलभर हशा पिकला. मला कळेना काय झालं. अप्पासाहेब म्हणाले, "पाणी." मी म्हणालो, "पानी." ते म्हणाले, "बाणातला ण." मी बाण म्हणालो तो 'बान' निघाला. गणपतीच्या मैदानावर मला कुणी हसलं नव्हतं, कारण तिथं सगळ्यांचाच बाण 'बान' होता. पुढचे कितीतरी दिवस मी नदीकाठी बसून जीभ टाळूला लावून पाणी, आणि, कोण, पण म्हणत असे. शेवटी मला ण यायला लागला. तोवर डॉक्टरचं काम दुसऱ्याकडं गेलं होतं आणि मला त्या घरातल्या गड्याचं काम मिळालं होतं. तबकात औषधाची बाटली घेऊन आत यायचं, म्हणायचं, "सायेब, औषिदाची येळ झाली. पानी आनू का?" वकिलाचं काम करणारे अप्पासाहेब 'नको' म्हणाले की बाहेर जायचं. "आता मुद्दाम तुझ्या पद्धतीनं बोल," अप्पासाहेब म्हणाले. "तेच तर हवंय."

प्रयोगाला त्या वाक्यावर हमखास हशा यायचा. माझी आई ज्या शब्दानं मला तहान विचारायची, त्या शब्दाला लोक हसत होते आणि त्या हशासाठी मला ठेवलेलं होतं. उरलेल्या वेळात मी पेट्या उचलायचो, पडद्याची दोरी ओढायचो, अप्पासाहेबांचा चहा आणायचो. गोदामातच झोपायचो. तरी मी स्वतःला सांगत राहिलो की सगळ्यांची सुरुवात अशीच होते.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. पारनेरकडचा कुणी भेटला की खबर कळायची. विहिरींना तळ लागले, जनावरं छावणीत गेली, गावाजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि सगळं गाव खडी फोडायला लागलं. सगळं गाव म्हणजे त्यात माझी बायकोही, हे मला कळत होतं. तरी मी ते कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

मग मंडळीचा नगरला दुपारचा प्रयोग ठरला. जाहिरात वर्तमानपत्रात आली, ती काळेसाहेबांनी वाचली आणि त्यांनी शब्द पाळला. कारखान्याचा ट्रक काढला, चाळीतली माणसं भरली. तात्यांना निरोप गेला. ते कुसुमला घेऊन एसटीनं आले. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी विंगेत तबक घेऊन उभा होतो आणि पडद्याच्या फटीतून पाहिलं तर मधल्या रांगांत सगळा वजनकाटा बसलेला. फेटे, टोप्या, नऊवारी लुगडी. कडेला तात्या, ठेवणीतला पटका बांधून. त्यांच्या शेजारी कुसुम. ती इतकी काळवंडली होती की मी आधी तिला ओळखलंच नाही.

माझं काम केवढं आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते पहिल्या अंकापासून माझी वाट बघत होते. मुख्य कामात मी नाही हे पाहून त्यांना वाटलं असणार की मी नंतर येतो, मोठा माणूस उशिरा येतो तसा. माझी खूण झाली आणि कळ दाबल्यासारखा मी तबक घेऊन आत गेलो.

मधल्या रांगांतून कुणीतरी म्हणालं, "दत्ता आला," आणि टाळ्या सुरू झाल्या. शिट्ट्या झाल्या. गव्हाणीवरची पोरं उभी राहिली. वकील आणि मुलाचं कडाक्याचं भांडण चालू होतं, ते तुटलं. अप्पासाहेब थांबून राहिले. टाळ्या ओसरल्यावर मी माझं वाक्य म्हटलं. "सायेब, औषिदाची येळ झाली. पानी आनू का?"

कुणीही हसलं नाही. त्या वर्षी, त्या जिल्ह्यात, पानी आनू का या शब्दांत हसण्यासारखं काय होतं? मागून एक म्हातारी अगदी सहज म्हणाली, "आन की लेकरा." अप्पासाहेब हशासाठी जागा सोडून उभे होते. हशा आला नाही. नटाला ती रिकामी जागा सहन होत नाही. ते प्रेक्षकांकडं वळले आणि पदरचं वाक्य घालून म्हणाले, "आमच्या गड्याचा गोतावळा बराच मोठा दिसतो. पाण्याचं राहू दे, आधी त्यांची पंगत बसव."

आता हशा आला. पुढच्या खुर्च्यांवरची शहरातली मंडळी मागं वळून आमच्या माणसांकडं बघून हसली. आणि तात्याही हसले. एवढ्या मोठ्या नटानं आपली दखल घेतली असं वाटून ते मनापासून, तोंडभर हसले आणि शेजारच्याला कोपरानं ढोसून माझ्याकडं बोट दाखवलं. ते हसू मी आज इतक्या वर्षांनी लिहितो आहे तरी माझे कान तापतात. काळेसाहेब हसले नव्हते. कुसुमही नव्हती. मी खाली मान घातली आणि तबक घेऊन बाहेर आलो. पुढचे दोन अंक ती सगळी माणसं मी पुन्हा येण्याची वाट बघत बसून राहिली, आणि मी आलो नाही.

प्रयोगानंतर मी मागच्या दारानं निघून जाणार होतो. पण तात्या तोवर विचारत विचारत रंगपटात पोचले होते. अप्पासाहेब आरशासमोर बनियनवर बसून तोंडाचा रंग पुसत होते. तात्यांनी पायताण बाहेर काढून ठेवलं, आत जाऊन हात जोडले आणि फडक्यातल्या भाकरी पुढं केल्या. रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी, वर मिरचीचा ठेचा. "सायेब, दुष्काळाचं हाय. गोड मानून घ्या. आमच्या पोराला मोठं काम कधी देनार?"

मी दारात होतो. अप्पासाहेबांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सावकाश चावून गिळला. त्यांना मी वाईट म्हणू शकत नाही. मघाशी बोलले तो धंद्याचा भाग होता, आता बोलले ते माणूस म्हणून.

"काका, खोटं सांगत नाही," ते म्हणाले. "याला आवाज आहे, पण रंगमंचावर हा स्वतःलाच बघत असतो. समोरच्याचं ऐकत नाही. मोठं काम मी याला कधीच देणार नाही. गड्याचं म्हणाल तर आहे, सामान सांभाळायलाही ठेवीन, माणूस प्रामाणिक आहे. पण तुम्ही कशाची वाट बघत असाल, तर बघू नका."

तात्या म्हणाले, "बरं झालं सांगितलं. न्हाईतर आमी बघतच बसलो असतो." त्यांनी पुन्हा हात जोडले, माझ्या शेजारून बाहेर येऊन पायताण घातलं आणि निघून गेले. माझ्यापायी त्यांना खाली बघावं लागलं, याची बोच मला स्वतःच्या नापासपणापेक्षा कितीतरी जास्त लागली.

बाहेर लिंबाखाली कुसुम बसली होती. तिच्या दोन्ही हातांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या, खडी फोडताना टवके लागतात म्हणून. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "तुला लाज वाटली असंल माझी."

ती विचार करून बोलली. "तबक धरलं त्येची न्हाई वाटली. मी पाटी धरते, तुमी तबक धरता. पन त्यो मानूस आमाला हसला आन् तुमी मान खाली घातली. कुनाची लाज वाटली तुमाला, त्येची का आमची?"

उत्तर तिला माहीत होतं. तबक हातात असताना, त्या फेट्यांकडं आणि लुगड्यांकडं सगळे वळून बघत असताना, क्षणभर मला वाटलं होतं की ही माणसं आली नसती तर बरं झालं असतं.

"ऱ्हायचं आसंल तर ऱ्हावा इथं," ती म्हणाली. "मी नेटानं करते तिकडं. पन मोठ्या कामासाठी ऱ्हातो असं पुन्हा म्हनू नका."

मी त्याच संध्याकाळच्या एसटीनं त्यांच्याबरोबर गावी गेलो. लोकांना पुढं काय झालं ते जाणून घ्यायचं असतं, म्हणून सांगून टाकतो. टाइम ऑफिसातली जागा केव्हाच भरली गेली होती. मी काळेसाहेबांपुढं जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "जेवलास का?" पुढच्या हंगामाला त्यांनी मला परत काट्यावर घेतलं, हंगामी म्हणून, आणि टाइम ऑफिसात कायम व्हायला मला पुष्कळ वर्षं लागली. जे माझ्या निरोपाला टाळ्या वाजवत होते त्यांच्याच गाड्यांच्या पावत्या मी फाडत होतो. त्यांच्यापैकी कुणी मला कधी टोमणा मारला नाही. कुणी नाटकाचा विषयच काढायचा नाही, मी आलो की बोलणं पावसावर न्यायचे, आणि ते मला टोमण्यापेक्षा जड जायचं. गणपतीतही मी पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. टाइम ऑफिसातून निवृत्त झालो. पोरं शिकली. नोकरीनं मला काही कमी पडू दिलं नाही, आणि तिला मी कधी मनापासून माझी म्हटलं नाही, हेही खरं.

पण कारखान्यावर परत जाण्याआधी बरेच दिवस मी पाझर तलावावर खडी फोडली. पहिल्या दिवशी बायका मला हातोडी धरताना बघून पदराआड हसल्या. ते हसणं मला लागलं नाही. दुपारच्या सुट्टीत सगळे मातीच्या ढिगाच्या सावलीला बसत. कामावर वाटल्या जाणाऱ्या सरकारी सुकडीची वाटी हातात असायची. एका दुपारी कुसुमच्या शेजारी बसणारी एक म्हातारी म्हणाली, "आरं, तुझ्या नाटकात हुतं तरी काय? आमाला कुठं बघाया मिळालं." मी टाळत होतो. कुसुम म्हणाली, "सांगा की. मला बी मधलं समाजलं न्हाई. मी तुमचीच वाट बघत बसले हुते."

मग मी सांगितलं. उभा राहिलो नाही, आवाज चढवला नाही. बसल्या जागी, खड्यांवर बोट फिरवत, वकील काय म्हणाला, मुलगा काय म्हणाला, सून कशी रडली, सगळं आमच्या बोलीत सांगत गेलो. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडं बघत सांगत होतो. कुठं त्यांना कळलं नाही तिथं थांबून पुन्हा सांगत होतो. घर विकलं गेलं, वकील वारला, मुलगा परगावी गेला, तिथं मी संपवलं.

"आन् त्यो गडी?" कुसुमनं विचारलं. "घर इकल्यावर त्यो कुठं गेला?"

"ते नाटकात न्हाई."

"आसं कसं? घरातलाच हुता की त्यो."

मी आठवून बघितलं. इतके प्रयोग केले, रोज तबक घेऊन आत गेलो आणि बाहेर आलो, पण बाहेर आल्यावर तो गडी कुठं जातो हे माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मुकादमानं शिट्टी वाजवली तरी कुणी उठेना.

"त्यो आपल्या गावाला गेला," मी म्हणालो. "बायकोकडं."

"ठिवून घेतला का तिनं?" म्हातारीनं विचारलं.

मी कुसुमकडं पाहिलं. ती बोटाची सुटलेली चिंधी दातानं घट्ट बांधत होती.

"घेतला आसंल," ती म्हणाली, आणि पाटी उचलून उन्हात गेली.